लाइट फक्त आपलीच गेली, की गल्लीची?

रात्री जेवताना लाइट गेली, की घरातलं कुणीतरी उठून दाराबाहेर डोकावतं. शेजारी दिवे आहेत का? पलीकडच्या आळीत? देवळावर? शेजारी उजेड दिसला तर आपलाच फ्यूज उडाला. गल्ली अंधारात असेल तर डीपीत काहीतरी झालं. सगळं गावच काळोखात असेल तर दोष त्याच्याही मागे, सबस्टेशनच्या बाजूला. मग मेणबत्ती शोधायची आणि वाट बघायची. वायरमन अजून यायचाच असतो, आपण एकाही तारेला हात लावलेला नसतो, तरी बिघाड साधारण कुठे असेल ते कळलेलं असतं.

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या डॉक्टर याच पद्धतीने तपासतात. शाळेच्या पुस्तकात यांना कर्पर चेता म्हणतात, ओपीडीत ‘क्रेनियल नर्व्ह्‌ज’. मला ही पद्धत कळली ती आत्यामुळे.

सकाळी चूळ भरताना आत्याच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी पिचकारीसारखं बाहेर उडालं. आरशात बघते तर तोंड उजवीकडे ओढलेलं, आणि डावा डोळा काही केल्या मिटत नाही. ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणत घरात रडारड सुरू झाली. तासाभरात आम्ही साताऱ्याला डॉक्टरांसमोर होतो. त्यांनी हातपाय हलवून पाहिले, दोन-चार वाक्यं बोलायला लावली आणि मग म्हणाले, “मावशी, भुवया वर करा. कपाळाला आठ्या पडू देत.” आत्याच्या उजव्या कपाळावर तीन ठसठशीत आठ्या पडल्या. डावं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट राहिलं. “डावीकडे आठ्या नाहीत ना? बरं झालं,” डॉक्टर म्हणाले. आमचा दादा त्यांच्याकडे बघतच राहिला. कपाळ हलत नाही यात बरं काय झालं?

कपाळाला दोन फीडर

चेहऱ्याचे स्नायू हलवते ती सातवी नस. प्रत्येक बाजूला एक. तिचं मूळ मेंदूच्या बुंध्यात असतं, आणि त्या मुळाला वरून, म्हणजे मोठ्या मेंदूकडून, हुकूम येतात. गालाचे आणि ओठांचे हुकूम मुख्यतः विरुद्ध बाजूच्या मेंदूतून येतात. कपाळाचं मात्र वेगळं आहे. त्याला दोन्ही बाजूंच्या मेंदूकडून पुरवठा आहे. एकाच डीपीला दोन फीडर जोडलेले असावेत तसं.

आता समजा, मोठ्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकून पक्षाघाताचा झटका आला. डाव्या गालाचा आणि ओठाचा एकुलता एक फीडर गेला, म्हणून तोंड वाकडं झालं. पण कपाळाचा दुसरा फीडर शाबूत आहे. आठ्या पडत राहतात. याउलट, बिघाड डीपीच्या पुढे, घराकडे येणाऱ्या तारेतच असेल, म्हणजे सातवी नसच सुजली असेल, तर मागे दोन फीडर असले काय आणि दहा असले काय. त्या बाजूचा सगळा चेहरा, कपाळासकट, बंद पडतो.

म्हणून आत्याचं सपाट कपाळ ही चांगली बातमी होती. दोष मोठ्या मेंदूत नसून नसेत असावा असं ते सांगत होतं. या आजाराला ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. स्कॉटलंडचे शल्यविशारद आणि शरीररचनातज्ज्ञ चार्ल्स बेल यांनी 1821 साली चेहऱ्याच्या नसांवर निबंध मांडला, त्यांचं नाव याला पडलं. आयुर्वेदात वाकड्या तोंडाच्या आजाराला ‘अर्दित’ म्हटलं आहे. ही नस कानामागच्या हाडातल्या बोगद्यातून जाते. सर्वांत चिंचोळ्या जागी तो बोगदा एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतो. नस सुजली की हाडाची भिंत काही हलत नाही, नसच आवळली जाते.

पण डॉक्टर कपाळावर थांबले नाहीत. “आता माझ्या बोटाकडे बघा, डोकं न हलवता.” बोट डावीकडे गेलं, डावा डोळा सरळ कोपऱ्यापर्यंत पोचला. ही शेजाऱ्याच्या घरात डोकावण्याची पायरी होती. बुंध्यामध्ये सातव्या नसेचे धागे सहाव्या नसेच्या मुळाला वळसा घालून बाहेर पडतात. क्वचित पक्षाघाताचा झटका नेमका या जागी येतो. तेव्हा कपाळही सपाट होतं, आणि सोबत डोळा बाहेर वळायचा थांबतो, विरुद्ध बाजूचा हातपायही लुळा पडू शकतो. आत्याच्या शेजाऱ्यांकडे उजेड होता. एकटं तिचंच घर अंधारात होतं.

तीन मजली इमारत

या बारा जोड्यांचा हिशेब लावायलाही माणसाला बराच काळ लागला. प्राचीन रोममध्ये गॅलेनने सात मोजल्या. 1664 साली इंग्लंडच्या थॉमस विलिसने नऊ मोजल्या. 1778 साली जर्मन शरीररचनातज्ज्ञ झ्योमरिंगने आपल्या प्रबंधात बारा जोड्या मांडल्या, आणि आज जगभर तीच मोजणी चालते. क्रमांक समोरून मागे, वरून खाली असे दिले आहेत. म्हणजे नुसता आकडा ऐकला तरी नस साधारण कुठली ते कळतं.

पहिल्या दोन, वासाची आणि दृष्टीची, थेट वरच्या मेंदूशी जोडलेल्या आहेत. बाकीच्या मेंदूच्या बुंध्याशी. हा बुंधा जेमतेम अंगठ्याएवढा. त्याची तीन मजली इमारत कल्पावी. वरच्या मजल्यावर तिसरी आणि चौथी, मधल्यावर पाचवी ते आठवी, तळमजल्यावर नववी ते बारावी. यांतल्या अकरावीची मुळं मात्र इमारतीखाली, मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत उतरलेली असतात. कोणत्या मजल्यावरचे दिवे गेले ते पाहिलं, की बिघाडाचा पत्ता निम्मा लागतो.

नाक: लवंग चालेल, मिरची नको

पहिली नस वासाची. तपासणीत बहुतेक वेळा हिलाच वगळतात, कारण रुग्ण तक्रार करत नाही आणि डॉक्टरांना घाई असते. खरं तर साहित्य स्वयंपाकघरातलंच आहे: कॉफी, लवंग, साबणाची वडी. डोळे मिटायचे, एक नाकपुडी दाबायची आणि दुसरीने हुंगायचं. मग उलट. दोन्ही एकदम तपासल्या तर धड नाकपुडी आजारी नाकपुडीचं काम झाकून टाकते.

अमोनिया किंवा मिरचीसारखी झोंबणारी वस्तू मात्र चालत नाही. फोडणीत मिरची जळाली की नाकाला आणि डोळ्यांना जे झोंबतं ते वासाचं काम नाही. ती पाचव्या नसेची आरडाओरड आहे. वास मुळीच न येणारा माणूसही मिरचीच्या धुराने शिंकतो, आणि तपासणारा फसतो.

वासाचे तंतू नाकाच्या छताशी असलेल्या चाळणीसारख्या हाडाच्या भोकांतून वर जातात. दुचाकीवरून पडून डोकं आपटलं की मेंदूला हिसका बसतो आणि हे नाजूक तंतू चाळणीच्या काठावर तुटू शकतात. सर्दीने वास जातो तो वेगळा, तिथे रस्ताच बंद असतो. कोविडने 2020 मध्ये घराघरांत वास जाण्याचा अनुभव दिला. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, कित्येक रुग्णांची वास घेण्याची शक्ती हात थरथरू लागण्याच्या बरीच वर्षं आधी मंदावलेली असते. तेव्हा ‘आमटीला हल्ली वासच येत नाही’ हे वाक्य डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

डोळा: एका नसेची तार आत, दुसरीची बाहेर

दुसरी नस दृष्टीची. एका डोळ्यामागे सुमारे दहा लाख तंतूंचा हा जुडगा. हिची तपासणी सहा मीटरवरच्या अक्षरांच्या तक्त्यापासून सुरू होते. हा तक्ता नेदरलँड्सच्या हर्मन स्नेलेन यांनी 1862 साली तयार केला. आपल्याकडे तो देवनागरीतही असतो. इथे बारकावा असा, की नस तपासताना रुग्णाचा चष्मा काढायचा नाही. नंबर हा डोळ्याच्या रचनेचा प्रश्न आहे, नसेचा नव्हे.

पुढची पायरी नजरेच्या आवाक्याची. डॉक्टर रुग्णासमोर हातभर अंतरावर बसतात. रुग्ण डावा डोळा झाकतो, डॉक्टर स्वतःचा उजवा झाकतात. दोघं एकमेकांच्या उघड्या डोळ्यात बघतात, आणि डॉक्टर बाजूने बोट हलवत आत आणतात. ‘दिसलं की सांगा.’ दोघांना एकाच वेळी दिसायला हवं. इथे मोजपट्टी म्हणून डॉक्टर स्वतःचाच डोळा वापरतात.

याचा उपयोग कसा होतो? दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूखाली एका चौकात भेटतात, आणि नाकाकडच्या बाजूचे तंतू तिथे रस्ता ओलांडतात. चौकाच्या अगदी खाली पीयूषिका ग्रंथी आहे. तिथे गाठ वाढली की ओलांडणारे तंतू दबतात आणि दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू दिसेनाशी होते. माणसाला समोरचं नीट वाचता येतं, पण तो दाराच्या चौकटीला खांदे आपटत चालतो. एका डोळ्याची नस गेली तर तो एकच डोळा अंधारतो. चौकाच्या मागे बिघाड झाला तर दोन्ही डोळ्यांची एकच, डावी किंवा उजवी, बाजू जाते. कुठल्या खिडक्यांत अंधार आहे, त्यावरून तार कुठे तुटली ते कळतं.

मग टॉर्च. उजव्या डोळ्यावर उजेड टाकला की उजवी बाहुली आकसते, आणि डावीही. निरोप आत जातो दुसऱ्या नसेने, हुकूम बाहेर येतो दोन्ही बाजूंच्या तिसऱ्या नसांनी. उजेड टाकल्यावर त्या डोळ्याची बाहुली हलली नाही पण समोरची हलली, तर निरोप आत पोचलेला आहे, दोष बाहेर येणाऱ्या तारेत आहे. दोन्ही हलल्या नाहीत, आणि दुसऱ्या डोळ्यावर उजेड टाकताच दोन्ही आकसल्या, तर निरोपच पोचत नव्हता. पाच सेकंदांत दोन नसांचा निकाल.

डोळे फिरवणाऱ्या तिघी

डोळा हलवायला सहा स्नायू आहेत. सहावी नस फक्त बाहेर, कानाकडे, ओढणाऱ्या स्नायूची. चौथी फक्त एका तिरक्या स्नायूची, जो डोळा नाकाकडे असताना त्याला खाली वळवतो. बाकी चारही स्नायू, शिवाय पापणी उचलणारा आणि बाहुली आकसणारा स्नायू, तिसरीकडे. म्हणून डॉक्टर हवेत मोठा इंग्रजी ‘एच’ काढल्यासारखं बोट फिरवतात आणि विचारतात, “दोन दिसतात का? कुठे बघताना?”

चौथी नस गेलेला माणूस सपाटीवर ठीक असतो. जुन्या वाड्याचा लाकडी जिना उतरू लागला, की एकाच्या दोन पायऱ्या दिसतात आणि पाय कुठल्या पायरीवर ठेवावा कळत नाही. वाचतानाही ओळी दुहेरी दिसतात. नकळत तो डोकं एका खांद्याकडे कलतं ठेवायला शिकतो, कारण तसं केलं की दोन चित्रं एक होतात.

तिसरी पूर्ण गेली तर पापणी मिटून पडते, आणि ती उचलून पाहिलं तर डोळा खाली-बाहेर वळलेला दिसतो. इथे बाहुली फार मोलाची साक्षीदार आहे. बाहुलीचे तंतू या नसेच्या वरच्या थरात असतात. रक्तवाहिनीला आलेला फुगा बाहेरून नसेवर दाब देऊ लागला की आधी तेच चेपतात आणि बाहुली मोठी होते. मधुमेहात नसेच्या गाभ्याला रक्त कमी पडतं, तेव्हा पापणी पडते, डोळा वळत नाही, पण बाहुली बहुधा वाचते. म्हणून पडलेली पापणी, मोठी बाहुली आणि डोकं फुटेल असं दुखणं हे तिन्ही एकत्र आलं, तर क्षणाचाही उशीर न करता मोठं रुग्णालय गाठायचं.

सहावीपाशी मात्र शेजाऱ्याचा दिवा बघण्याची युक्ती कधी कधी फसवते. कवटीच्या आत या नसेला लांब चढ चढून हाडाच्या कडेवरून वळावं लागतं. मेंदूतला दाब कुठल्याही कारणाने वाढला की ती ताणली जाते आणि डोळा बाहेर वळत नाही. बिघाड असतो दुसरीकडेच. हे डॉक्टरांना माहीत असतं, म्हणून एकट्या सहाव्या नसेच्या साक्षीवर ते पत्ता लिहीत नाहीत.

पाचवी: कापसाचा एक धागा

पाचवी नस चेहऱ्याच्या स्पर्शाची. तिच्या तीन फांद्या: कपाळ, गाल, हनुवटी. डॉक्टर कापसाने आणि नव्या टाचणीने तिन्ही ठिकाणी दोन्ही बाजूंना स्पर्श करतात. ‘इकडे आणि तिकडे सारखंच लागतं का?’ दाढ काढण्याआधी दंतवैद्य इंजेक्शन देतात आणि खालचा ओठ जडशीळ होतो, तेव्हा तिसऱ्या फांदीची एक डहाळी झोपवलेली असते. जबड्याच्या कोपऱ्याची त्वचा मात्र या नसेच्या हद्दीत येत नाही, ती मानेच्या नसांची. एखाद्याची बधिरता बरोबर जबड्याच्या काठापर्यंत, कोपरा धरून आली, तर डॉक्टर जरा विचारात पडतात. नसांच्या हद्दी आपल्याला वाटतात तिथे नसतात.

चावण्याचे स्नायूही हिचेच. दात आवळून धरा, आणि गालावर व कानशिलावर बोटं ठेवा. टणक गोळे हाताला लागतील.

आत्याच्या बाबतीत सगळ्यात सुंदर तपासणी इथली होती. डॉक्टरांनी कापसाचा एक बारीक धागा काढला, तिला वर बघायला सांगितलं आणि बाजूने आणून डाव्या बुबुळाच्या कडेला हलकेच टेकवला. उजवा डोळा झटकन मिटला. डावा उघडाच राहिला, नुसतं बुबुळ वर सरकलं. म्हणजे स्पर्शाचा निरोप पाचव्या नसेने आत पोचला होता. दोन्ही डोळ्यांना मिटण्याचा हुकूमही सुटला होता. उजवीकडे तो पोचला, डावीकडे सातव्या नसेत अडला. एका धाग्याने दोन नसा बोलत्या केल्या.

मग त्यांनी विचारलं, “कुकरची शिट्टी त्रास देते का?” आत्या चकित झाली. दोन दिवस डाव्या कानात भांड्यांचा आवाज घणासारखा बसत होता, पण हे सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलंच नव्हतं. मोठा आवाज आला की कानातलं चिमुकलं हाड आवरून धरणारा एक स्नायू आहे. त्याची डहाळी सातव्या नसेची. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चवही हीच नस नेते. या डहाळ्या बोगद्यात वेगवेगळ्या ठिकाणी फुटतात, तेव्हा काय काय गेलंय यावरून बोगद्यात बिघाड किती आत आहे याचाही अंदाज येतो. कानात नागिणीचे फोड नाहीत ना, तेही त्यांनी पाहिलं. असतील तर आजार वेगळा आणि औषधही वेगळं.

कान: नादकाटा

आठवी नस ऐकण्याची आणि तोलाची. एक कान बंद करून दुसऱ्याशी आकडे पुटपुटायचे, ही साधी पहिली पायरी. कमी ऐकू येत असेल तर नादकाटा बाहेर निघतो, सेकंदाला 512 कंपनांचा. तो वाजवून कानामागच्या हाडावर टेकवतात. आवाज विरला की कानासमोर धरतात. धडधाकट कानाला तो हवेतून पुन्हा ऐकू येतो, कारण हवेचा मार्ग हाडापेक्षा सरस आहे. मळ, पडद्याचं भोक, मध्यकर्णातलं पाणी यांनी हवेचा मार्ग अडला असेल तर हाडावरचाच आवाज मोठा वाटतो. ही रिने यांची 1855 ची चाचणी.

त्याहून जुनी वेबर यांची, 1834 ची. काटा कपाळाच्या मधोमध ठेवायचा आणि विचारायचं, ‘आवाज कुठल्या कानात?’ उत्तर उलटं वाटेल असं येतं. कानात नुसता मळ असेल तर आवाज आजारी कानात मोठा येतो, कारण बाहेरचा गोंगाट तिथे पोचत नसतो. कानात बोट घालून गुणगुणलं की हे स्वतःलाच कळतं. नस गेली असेल तर आवाज चांगल्या कानात येतो. शे-दोनशे रुपयांच्या काट्याने वाट अडली आहे की तार तुटली आहे, हे कळतं.

आठवी आणि सातवी एकाच भोकातून हाडात शिरतात, पाचवी जवळच राहते. एका कानाने हळूहळू कमी ऐकू येणं, मग गालाची बधिरता, मग चेहरा ओढला जाणं, अशा क्रमाने एका कोपऱ्यातले दिवे विझू लागले, तर त्या कोपऱ्यात गाठ वाढते आहे का, हे एमआरआय करून पाहावं लागतं.

बैलगाडी आणि रस्सीखेच

राहिला तळमजला: गिळणं, बोलणं, मान, जीभ.

“आऽ करा.” घशाचं छत वर उचललं जातं आणि मधली पडजीभ सरळ राहते. नववी आणि दहावी नस एका बाजूला गेली तर पडजीभ धडधाकट बाजूकडे ओढली जाते. घशाला काडी लावून उबळ बघण्याची रीत आहे, पण ठणठणीत लोकांपैकीही अनेकांना उबळ येत नाही. म्हणून घोटभर पाणी पाजून ठसका लागतो का, आवाज ओला होतो का, हे पाहणं जास्त कामाचं. दहाव्या नसेची आवाजाची डावी फांदी स्वरयंत्राकडे थेट जात नाही. ती छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते. म्हणून घसा बसल्याची तक्रार कधी कधी फुफ्फुसातल्या गाठीची असते. तीन आठवडे उलटले तरी आवाज सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं.

अकरावीसाठी मान डावीकडे वळवा आणि उजव्या गळ्याला हात लावा. ताठ झालेला दोर उजवीकडचा आहे. डावीकडे बघायला उजवी दोरी लागते. मग खांदे उचलायचे, आणि डॉक्टर ते खाली दाबू बघतात.

बारावी जिभेची. जीभ बाहेर काढली की ती आजारी बाजूकडे वळते. इथे नवशिक्या विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो. वाकडं तोंड आणि पडजीभ चांगल्या बाजूकडे, जीभ आणि उघडलेला जबडा आजारी बाजूकडे, असं का? तोंड आणि पडजीभ ही रस्सीखेच आहे. ज्या बाजूला जोर, तिकडे दोर. जीभ आणि जबडा म्हणजे बैलगाडी. स्नायू मागून पुढे ढकलतात. उजवा बैल ढेपाळला, की डावा पुढे जातो आणि गाडी उजवीकडे वळते.

आत्याच्या घरी सगळे म्हणत होते, ‘उजवीकडे तोंड गेलं.’ वाकडी दिसणारी बाजू खरं म्हणजे धड बाजू होती. बिघाड होता तो सरळ, शांत दिसणाऱ्या डाव्या गालात.

सगळेच दिवे गेले तर

हीच तपासणी आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाही कामाला येते. अपघातानंतर माणूस कृत्रिम श्वासावर आहे, हृदय चालू आहे, पण मेंदूचा बुंधा मृत झाला का, हे ठरवायचं असतं. तेव्हा बोलून विचारता येत नाही. टॉर्चने बाहुली, कापसाने बुबुळ, कानात बर्फाचं पाणी सोडून डोळे सरकतात का, श्वासनळीत नळी हलवून खोकला येतो का, असं एकेका मजल्याचं दार ठोठावलं जातं. शेवटी, यंत्राचा श्वास थांबवून स्वतःचा श्वास येतो का ते पाहतात. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा 4 फेब्रुवारी 1995 ला पहिल्यांदा लागू झाला तो महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेशांत. त्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ ही तपासणी करतं, आणि सहा तासांच्या अंतराने पुन्हा करतं. अख्खं गाव अंधारात आहे, हे एकदा बघून कुणी मान्य करू नये, म्हणून ही दुसरी फेरी.

खांबावर कोण चढणार

आत्याला स्टेरॉइडच्या गोळ्या मिळाल्या. त्या पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर फायदा जास्त. त्याहून महत्त्वाचं औषध डोळ्याचं होतं: दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर पट्टी, कारण न मिटणारं बुबुळ कोरडं पडून जखम होते. तिचा चेहरा काही आठवड्यांत जाग्यावर आला. बहुतेकांचा येतो.

मग गावात ती बायाबापड्यांना शिकवू लागली: “तोंड वाकडं झालं तर आठ्या घालून बघायच्या. आठ्या पडल्या नाहीत तर घाबरायचं नाही!” हे ऐकलं आणि मला डॉक्टरांना पुन्हा विचारावंसं वाटलं. ते हसले नाहीत. म्हणाले, कपाळाची खूण वाचायला सोपी वाटते, पण अर्धवट लुळी पडलेली नस असते, बुंध्यातला झटका असतो, घाबरलेले डोळे असतात. तोंड अचानक वाकडं झालं, हात पडला, बोबडी वळली, यांतलं काहीही झालं तरी 108 ला फोन करायचा आणि कितीला सुरू झालं ते घड्याळ बघून लिहून ठेवायचं. गुठळी विरघळवणारं औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातलं प्रत्येक मिनिट मोजलं जातं.

मी हे आत्याला सांगितलं. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे शेजारी दिवा आहे का ते बघायचं, पण खांबावर आपण चढायचं नाही.” आता ती तेवढंच शिकवते.